दार बंद असल्याची खूण

आर्वीच्या एसटी डेपोमागे माझं दुकान आहे. मिक्सर, पंखे, रिमोट, सेट-टॉप बॉक्स, काय वाट्टेल ते दुरुस्त करतो. एका काचेच्या कपाटात सुटे भागही ठेवतो, कारण कॉलेजची पोरं प्रोजेक्टसाठी येतात. गेल्या आठवड्यात वर्धेच्या कॉलेजातली वर्षाली नावाची मुलगी आली आणि म्हणाली, "काका, चुंबकानं चालणारा स्विच द्या, कोणताही चालेल."

"कोणताही चालत नाही," मी इतक्या जोरात म्हणालो की ती दचकली. तिला मी बसवलं, दार कोणतं, चुंबक कोणता, त्याची कोणती बाजू समोर येणार, सगळं विचारलं. शेवटी साधा रीड स्विच दिला आणि पैसे घेतले नाहीत. तिला वाटलं असेल, म्हातारा जरा सरकलेला आहे. का विचारतो, ते तिला सांगितलं नाही. ते इथे लिहितो.

दुकानामागच्या गल्लीत नत्थूजी आणि कौशल्याबाई राहायचे. तळेगाव रस्त्यावर कापसातली सरकी वेगळी करणारं एक जिनिंग होतं, आता कितीतरी वर्षं बंद आहे. नत्थूजींनी तिथे तीस वर्षं काढली. त्यांचं काम एकच, कापसातलं लोखंड वेचायचं. शेतातून येणाऱ्या कापसात बैलगाडीचे खिळे, तारेचे तुकडे, नट, काहीही असतं. ते यंत्राच्या दात्यांत गेलं की ठिणगी उडते आणि मग कापसाची अख्खी गंजी पेटते. नत्थूजी एक गोल, तळहाताएवढा चुंबक घेऊन ढिगाऱ्यावरून फिरवायचे आणि सुटी होताना दिवसभराचं लोखंड मुकादमाला दाखवायचे. दाखवल्याशिवाय घरी जायचं नाही, असा तिथला दंडक होता. त्यांच्या पाळीत कधी आग लागली नाही, हे ते सगळ्यांना सांगायचे. आम्ही ऐकून ऐकून कंटाळलो होतो.

जिनिंग बंद पडलं तरी चुंबक त्यांच्या सदऱ्याच्या डाव्या खिशात राहिला. छातीला टोचू नये म्हणून त्याच्या एका बाजूला डॉक्टरी पट्टी चिकटवलेली होती. पट्टीची बाजू छातीकडे, उघडी बाजू बाहेर. पुढे त्यांना विसर पडायला लागला. बायकोचं नाव विसरले, जेवलो की नाही ते विसरले, पण चुंबक विसरले नाहीत. दुपार झाली की पाळीची वेळ झाली म्हणून निघायचे. दोनदा लोकांनी त्यांना रस्त्यावरून परत आणलं.

तेव्हा कौशल्याबाई माझ्याकडे आल्या. "बंडूभाऊ, दार उघडलं की वाजन अशी घंटी करून द्या ना. मी एकटी बाई, दिवसभर कुठवर डोळे लावून बसू?"

"एवढंच ना वैनी? उद्या लावून देतो," मी म्हणालो. मला अशी कामं फार आवडतात. आवडायची.

अशा घंटीला रीड स्विच सगळ्यात बरा. बारीक काचेची नळी असते, आत लोखंडाच्या दोन पातळ पट्ट्या. चुंबक जवळ आला की पट्ट्या चिकटतात, दूर गेला की सुटतात. बस. पण त्याचे पाय काचेच्या फार जवळून वाकवले तर काच तडकते. हे मी शंभर जणांना सांगितलं आहे आणि त्या दिवशी घाईत माझ्याच हातून तीन नळ्या तडकल्या. डोकं फिरलं. मग मी डबीतून चुंबक ओळखणारा एक हॉल सेन्सर उचलला. मुगाच्या दाण्याएवढा काळा तुकडा, तीन पायांचा. त्यात दोन जाती असतात, दिसायला जुळ्या. एक जात चुंबक दूर गेला की सोडून देते. दुसरी जात हट्टी. चुंबकाची एक बाजू दिसली की तीच धरून बसते, उलटी बाजू दाखवेपर्यंत सोडतच नाही. वरची बारीक अक्षरं भिंगातून वाचली की जात कोणती ते कळतं. मला भिंगाची गरज नाही, असं माझं तेव्हा मत होतं.

टेबलावर चुंबक बोटांत गोल फिरवत तपासलं. घंटी वाजली, थांबली, वाजली, थांबली. बोटांत फिरवताना दोन्ही बाजू समोर येतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दाराच्या बंद राहणाऱ्या फळीच्या कडेला छातीच्या उंचीला सेन्सर बसवला, उघडणाऱ्या फळीवर छोटा चुंबक चिकटवला. ज्यांच्यासाठी घंटी, त्यांनाच चालवून बघावं म्हणून म्हणालो, "नत्थूजी, जरा बाहेर जाऊन या." दुहेरी दार, एकच फळी उघडायची. त्या फटीतून ते अंग चोरून, बंद फळीला छाती घासत बाहेर पडले. घंटी खणखणली. दार लावलं तशी थांबली. कौशल्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी शहाण्यासारखा मिशीत हसलो.

आठ दिवसांनी त्या दुकानासमोरून जाताना म्हणाल्या, "लय हुशार घंटी केली भाऊ तुम्ही. दूधवाला आला तं वाजत नाई, मी गेली तं वाजत नाई. फक्त ह्यायलेच ओळखते."

तिथेच मला शंका यायला हवी होती. दार उघडलं की वाजणारी घंटी माणूस कशी ओळखेल? पण कौतुक कानात शिरलं आणि अक्कल बाहेर गेली. मी मान डोलावली. जणू मी मुद्दामच तशी केली होती.

मे महिन्यात त्यांनी पुन्हा बोलावलं. नत्थूजी दिवसभर बंद दाराला छाती टेकून फटीतून गल्ली बघत बसायचे आणि घंटी विनाकारण वाजत राहायची. मी लगेच निदान केलं. खिशातला मोठा चुंबक घोटाळा करतोय. निदान बरोबर होतं, अर्धं.

"नत्थूजी, हा मला द्या."

त्यांनी खिशावर हात दाबून धरला. "नाई नाई. गाड्या येऊन राह्यल्या. लोखंड कोन काढन मंग? आग लागन ना बापा."

"मी काढतो. तुम्ही आराम करा."

"तू काढशीन?" त्यांनी खिशावरचा हात सैल केला. "पाह्यजो बरं. एक बी खिळा जाऊ देऊ नको." आणि चुंबक माझ्या हातात दिला. गरम होता, अंगाच्या उबेनं.

मी तो माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकला, पट्टीची बाजू आत, आणि त्याच फटीतून बाहेर पडलो. मागे घंटी वाजली. "पाहा वैनी, बरोबर चालतेय," मी म्हणालो. माझ्या खिशातल्या चुंबकानंच ती वाजवली होती. मी गेलो आणि घंटीचा आवाजही माझ्याबरोबर त्या घरातून गेला.

तिसऱ्या दिवशी ऊन असं होतं की गल्लीत कुत्रंही नव्हतं. कौशल्याबाई कूलरसमोर टेकल्या आणि त्यांना डोळा लागला. उठल्या तेव्हा दार उघडं होतं, घर शांत होतं. आम्ही सगळ्यांनी शोधलं. डेपो पाहिला, बाजार पाहिला. संध्याकाळी बकऱ्या चारणाऱ्या एका बाईनं सांगितलं. बंद जिनिंगच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली, कापूस टाकायच्या तोंडाशी नत्थूजी बसले होते. ऊन लागून गेले होते. उजवा हात डाव्या खिशात होता. खिसा रिकामा होता. मी तो हात बाहेर काढायला मदत केली, आणि ते जी वस्तू शोधायला गेले होते, ती तेव्हा माझ्या दुकानाच्या खणात पडली होती.

ते गेल्यानंतर चौथ्या दिवशी सेल बदलायचं निमित्त करून मी त्यांचं दार उघडून पाहिलं. घंटी वाजली नाही. पुन्हा उघडलं. नाही. घंटीचा डबा काढून दुकानात आणला आणि सेन्सरला भिंग लावलं. हट्टी जात. दाराचा छोटा चुंबक दूर गेला तरी ती 'बंद'च धरून बसायची, नत्थूजींच्या चुंबकाची उलटी बाजू समोर आली तरच सोडायची. मी शटर ओढून दुकान बंद केलं.

तेराव्याला घर पाहुण्यांनी भरलं होतं. त्यांचा मुलगा निकेश पुण्याहून आलेला. पोरगा वाईट नाही, पण दुःखात माणूस कोणाला तरी धरतो. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "आई, घंटी लावली होती ना? मंग तुले झोप लागलीच कशी?"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. कौशल्याबाईंनी पदर तोंडाशी धरला. "वाजली असन रे. मलेच आयकू नाई आली."

मी समोरच बसलो होतो. हातात चहाचा कप होता. एक वाक्य पुरे होतं, घंटी वाजलीच नव्हती, चूक माझी आहे. मी चहा संपवला आणि कप खाली ठेवला. त्याच संध्याकाळी तो काळा तीन पायांचा तुकडा डब्यातून काढून दुकानामागच्या नालीत फेकला. आयुष्यात पुष्कळ हलकी कामं केली असतील, पण याच्याइतकं हलकं दुसरं नाही.

पुढच्याच आठवड्यात कौशल्याबाई आल्या. वाळून गेल्या होत्या. "घंटी परत लावून द्या भाऊ. दार मुकं वाटते." मी म्हणालो, चांगल्या स्विचची नवी करून देतो. तर नको म्हणाल्या. "तेच लावा. ते ह्यायले ओळखे."

आता तेच कुठून लावणार? मी सेन्सरच्या जागी तांब्याच्या तारेचा एक तुकडा डाक देऊन जोडला. त्या तारेचा अर्थ एवढाच की घंटीच्या लेखी दार कायमचं बंद. घंटी आता कधीच वाजणार नव्हती, कोणी आलं तरी, गेलं तरी. वर हिरवा दिवा तेवढा लागायचा. त्यांना दिवा दिसेल आणि मला आवाजाची भीती नाही, असा माझा हिशोब होता.

आषाढ लागला. एके दिवशी त्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर काहीतरी वेगळं होतं.

"भाऊ, घंटी वाजून राह्यली."

"कधी?"

"रोज. तीन वाजता. दार लावलेलं असते."

"वैनी, तुम्हाला भास..."

"मले आता झोप नाई लागत भाऊ. भास कायचा होते?"

दुसऱ्या दिवशी अडीचला मी गेलो. बाहेर पावसाळी अंधारून आलं होतं, पण पाऊस नव्हता. दार आतून कडी लावून बंद. खुंटीवर नत्थूजींचा धुतलेला सदरा टांगलेला. घरात ओल्या भिंतीचा वास आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. त्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या, हात मांडीवर ठेवून. तीन वाजून गेले असतील. आधी मला कापसाचा वास आला. सरकीचा, धुळीचा, नाकात खाज सुटेल असा, गंजीजवळ येतो तसा.

आणि घंटी वाजली.

मी उठून डब्याचं झाकण काढलं. आत तार जागच्या जागी होती, मी लावली तशी. तिच्यावर बोट ठेवलं तर ती कोमट लागली. घंटी वाजतच होती. मी कडी काढली, दार उघडलं. गल्ली रिकामी. दार लावलं तशी ती थांबली.

"पाह्यलं?" कौशल्याबाई हळूच म्हणाल्या. "मले सांगाले येतात. म्हणतात, मी वाजवली होती, तूच झोपली होती."

तेव्हा मला त्यांच्या चेहऱ्यावरचं वेगळं काय ते कळलं. रोज तीन वाजता ही बाई स्वतःवरचा आरोप ऐकायला बसत होती.

मग मात्र मी सगळं सांगितलं. तडकलेल्या नळ्या, न लावलेलं भिंग, खिशातला चुंबक, तेराव्याचा चहा. सांगताना मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. "वैनी, त्या दिवशी घंटी वाजलीच नव्हती. वाजूच शकत नव्हती. तुम्ही जाग्या असत्या तरी नाही. दोष माझा आहे."

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माझ्यासाठी पाणी आणलं. मग म्हणाल्या, "तुम्ही लय चांगले आहा भाऊ. माह्या जिवाले बरं वाटावं म्हणून सांगून राह्यले."

"नाही वैनी, खरंच..."

"खराब असती तं आता वाजली असती का?"

तो तुकडा दाखवला असता, पण तो तर मीच फेकून दिला होता. एवढ्या वेळानं खरं बोललो, तर त्याची किंमत उरली नव्हती.

निघताना त्या म्हणाल्या, "ह्यायचा चुंबक तुमच्यापाशी हाये ना? तेवढा आणून देजा. घंटी झाली का खिसा चाचपल्यावानी आवाज येते मले. रोज."

मी दुसऱ्याच दिवशी तो स्वच्छ पुसून नेऊन दिला. त्यांनी तो खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला, पट्टी छातीकडे करून, जणू सदऱ्यात माणूस होता. त्या दिवसापासून घंटी बंद झाली. मला वाटलं, सुटलो. पण कौशल्याबाई काही सुटल्या नाहीत. दुपारी दाराशी बसून राहायच्या, डोळे ताणून. शेजारणींना सांगायच्या, घंटी चांगली होती, मीच करंटी.

पोळ्याच्या दोन दिवस आधी मी सेल बदलायला गेलो. तीन वाजायला थोडा वेळ होता. कडी लावून त्या म्हणाल्या, "भाऊ, एक दाखवतो तुमाले," आणि सदऱ्याच्या खिशातून चुंबक काढला.

त्याच्यावर लोखंड चिकटलेलं होतं. खिळ्यांची टोकं, तारेचे तुकडे, एक गंजका नट, आणि सगळ्यांत गुंतलेला पांढराशुभ्र कापूस. ताजा, बोटाला ओढ लागेल असा. शिवारात कपाशीची पऱ्हाटी तेव्हा नुकती फुलावर होती. कापूस कुठेच निघाला नव्हता.

"रोज थोडं थोडं वाढते," त्या म्हणाल्या. "ते कामावर जाऊन राह्यले. म्हणून दुपारी येत नाईत."

मी ते झटकायला हात पुढे केला.

"पुसू नका. मुकादमाले दाखवा लागते." मग त्यांनी कापसातून काहीतरी चिमटीत धरून माझ्यापुढे केलं. "बाकी समदं मी ओळखतो. पण हे काय हाये? हे कापसातलं नाई वाटत."

मुगाच्या दाण्याएवढा काळा तुकडा होता. तीन पाय. एक पाय जरा वाकडा. मी डाक वितळवून ओढून काढताना वाकला होता तसाच.

"वैनी... हाच तो. मी सांगितलं होतं तो. नालीत फेकला होता मी."

त्यांनी तो तुकडा उजेडाकडे धरला. बोटानं त्याचे पाय मोजले. मग एकदम पोरीसारखा चेहरा झाला त्यांचा.

"म्हणजे... वाजलीच नाई?"

"नाही."

"मी जागी असती तरी?"

"तरी नाही."

त्या रडल्या. मी त्यांना नवरा गेला त्या दिवशीही असं रडताना पाहिलं नव्हतं. हे रडू मी त्यांना तीन महिने आधीच देऊ शकलो असतो, तेराव्याला, चहा प्यायच्या आधी. हे मला जन्मभर पुरेल. रडून झाल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं, तो तुकडा चुंबकाला पुन्हा लावला आणि चुंबक खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला, पट्टी आत. माझ्यावर त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी पाणी आणतो. तुमी बसा भाऊ," स्वयंपाकघराकडे वळत त्या म्हणाल्या. "ह्यायनं शोधून आणलं, आता तुमीच सांगा त्यायले, कोठून आलं ते."

मी बसलो. दाराची कडी आतून लावलेली होती. सरकीचा वास आला. घंटी वाजली, आणि या वेळी दार न उघडता, न लावता, आपोआप थांबली.

मी खुंटीकडे पाहिलं. खुंटीवर सदरा नव्हता.